परतीची खिडकी

७ जानेवारी, मंगळवार

नव्या संस्थेतला पहिला दिवस. काम काय ते नीट लिहूनच ठेवते, कारण काल दादाने फोनवर विचारलं तेव्हा मला धड सांगता आलं नाही. लहान लहान संस्था असतात, लोकांच्या दारापर्यंत जाणाऱ्या. कुणाचं मन आजारी पडलंय किंवा पडायला आलंय हे ओळखायचं कसं, त्याचं ऐकायचं कसं आणि डॉक्टरकडे कधी पाठवायचं, हे आमचं मोठं ऑफिस त्यांना शिकवतं. म्हणजे मी शिकवते. सहा महिने त्यांच्यात बसायचं आणि मी निघाले की त्यांचं त्यांना जमलं पाहिजे. दादा म्हणाला, "थोडक्यात, लोकांच्या घरात नाक खुपसायचा तुला पगार मिळतो." आई असती तर हेच म्हणाली असती. लहानपणापासून माझ्या नसत्या चौकशांवर तिचं बारीक लक्ष होतं.

ही संस्था आजारी माणसांचं साहित्य उसनं देते. खाटा, वॉकर, चाकाच्या खुर्च्या, हवेच्या गाद्या, ऑक्सिजनची मशीन. एक जुनं गोदाम, आत रबराचा आणि फिनेलचा वास, भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या खाटा. पुढे काउंटर आणि त्याला दोन खिडक्या. एकीवर लिहिलंय 'नेण्यासाठी', दुसरीवर नुसतं 'परत'.

संस्थेला अध्यक्ष वगैरे आहेत, पण ती चालवतात दोघंच. एक खजिनदारबाई. त्या दोन्ही खिडक्या एकट्या सांभाळतात, ऑफिसची चाकं लावलेली खुर्ची पायाने ढकलत इकडून तिकडे जातात. आवाज असा की गिऱ्हाईक आपसूक रांगेत उभं राहतं. दुसरे टेम्पोकाका, सामान घरोघर पोचवणारे. काका कमी बोलतात आणि वर बघतात.

नेण्याच्या खिडकीवर दिवसभर गर्दी होती, परतीच्या खिडकीवर शुकशुकाट. "लोक वस्तू परत आणतच नाहीत हो मॅडम," खजिनदारबाई म्हणाल्या. "माणूस बरा होतो, नाहीतर जातो. खाट तर दोन्हीकडे मोकळीच होते ना? मग आणायला काय धाड भरते?" मला पटलं. आळस, दुसरं काय!

निघताना मी म्हटलं, "येते हं." तर बाईंनी नुसती मान हलवली आणि म्हणाल्या, "हं." 'या' म्हणायला काय जातं? नोंद करून ठेवते, शिष्टाचारापासून सुरुवात करावी लागणार.

१४ जानेवारी

गोदामाच्या कोपऱ्यात पडदा लावून खोली केली. दोन खुर्च्या समोरासमोर, टेबलावर कागदी रुमालांचा डबा. पाटीवर 'मनमोकळा कक्ष' लिहायला सांगितलं होतं. रंगाऱ्याने 'मन' एका टोकाला लिहिलं आणि उरलेलं दुसऱ्या टोकाला, त्यामुळे लांबून 'मोकळा कक्ष' एवढंच वाचता येतं. टेम्पोकाकांनी ते शब्दशः घेतलं आणि दुपारी जेवून तिथेच ताणून दिली.

घरी आले तर टीव्हीचा रिमोट अजून सापडत नाही. उठून बटण दाबावं लागतं. हल्ली मी एकच चॅनेल लावून ठेवते.

२३ जानेवारी

कक्षात अजून कोणी आलेलं नाही. आल्यावर तयारी हवी म्हणून आज सराव घेतला. काकांना सांगितलं, तुम्ही दुःखी माणूस व्हा. काका बसले आणि गप्प राहिले. खजिनदारबाईंनी थोडा वेळ वाट बघितली. मग म्हणाल्या, "बोला लवकर, रांग वाढतेय." मी त्यांना थांबवलं. ऐकणं म्हणजे काय हे आमच्या पुस्तिकेतून वाचून दाखवलं. पुस्तिका दुसऱ्या भाषेतून आलेली आहे, त्यामुळे तिची वाक्यं जरा इस्त्री केल्यासारखी ताठ आहेत, पण मुद्दे चांगले आहेत.

मग अवघड भाग. समोरचा माणूस जिवावर उदार झालाय अशी शंका आली, तर सरळ विचारायचं, 'स्वतःला संपवावंसं वाटतं का?' विचारल्यामुळे मनात नसलेलं काही येत नाही, उलट माणसाला सुटल्यासारखं होतं, हे मी समजावून सांगितलं. तरी खजिनदारबाईंना हसू फुटलं. घाबरल्यावर हसतात तसं. काका टायर बघायला बाहेर गेले ते आलेच नाहीत.

शेवटी समारोप. पुस्तिका म्हणते, 'संभाषण संपवताना पुन्हा येण्याचे निमंत्रण द्यावे.' मी म्हटलं, सोपं आहे, प्रत्येकाला निघताना म्हणायचं, 'परत या.'

"परत या?" खजिनदारबाई म्हणाल्या.

"हो."

"इथे?"

"इथेच, बाई. दुसरीकडे कुठे?"

त्यांनी दाराबाहेरच्या काकांकडे बघितलं. काका आभाळाकडे बघत होते. इतक्या साध्या शब्दांत अडण्यासारखं काय आहे, मला कळलं नाही. गोड बोलण्याची सवयच नसेल.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज परतीच्या खिडकीवर एक बाई आल्या, स्वतःहून, रिक्षातून ऑक्सिजनचं मशीन घेऊन. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे, नवऱ्याबरोबर चालवायच्या. नवरा गेल्या आठवड्यात गेला. मशीन लखलखीत पुसलेलं, वायर गुंडाळून रबर लावलेलं, पाण्याची बाटली धुऊन वाळवलेली. नाकाला लावायची नळीसुद्धा आणली होती. ती आम्ही परत घेत नाही, फेकून देतो.

"बरं आहे ना?" खजिनदारबाईंनी विचारलं.

"बरं आहे."

मी मागून खजिनदारबाईंना कोपराने ढोसलं. त्यांनी पुन्हा विचारलं, "म्हणजे कसं वाटतंय?"

"बरं."

सही झाली. आता समारोप. मी पुस्तिकेवरच्या वाक्यावर बोट ठेवलं. खजिनदारबाई शाळेतल्या मुलीसारख्या एका सुरात म्हणाल्या, "परत या."

चष्मेवाल्या बाई थांबल्या. "परत? आता कोणासाठी नेऊ?" असं अगदी हळू म्हणाल्या. मग पर्स उचलली. "मी जाते," म्हणाल्या आणि गेल्या.

मी खजिनदारबाईंना सांगितलं की सूर चुकला, जरा हसून म्हणायला हवं होतं. त्या खुर्ची ढकलत नेण्याच्या खिडकीशी गेल्या आणि दिवसभर तिथून हलल्या नाहीत. संध्याकाळी काकांनी मला टेम्पोपाशी गाठलं. इतके शब्द त्यांच्या तोंडून मी एका वेळी पहिल्यांदा ऐकले. "मॅडम, दवाखान्यातून निघताना कोणी 'परत या' म्हणतं का? आमचंही तसंच. इथे परत यायचं म्हणजे घरात पुन्हा कोणीतरी अंथरुणाला खिळायचं. म्हणून आम्ही कोणालाच 'या' म्हणत नाही. नुसतं हं करतो."

माझे कान तापले. पहिल्या दिवसाचं ते 'हं' आठवलं. मला वाटलं होतं उद्धटपणा, आणि तो तर आशीर्वाद होता.

७ फेब्रुवारी

सकाळी जाऊन आधी खजिनदारबाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "ती परतीची खिडकी आता तुम्ही सांभाळा. माझ्याने होणार नाही. त्या बाईचं तोंड मी बघितलंय. तुम्ही तेव्हा पुस्तिका बघत होता." झोंबलं, पण खरं होतं.

मग मी दिवसभर परतीच्या खिडकीत बसले. आल्या फक्त दोन काठ्या. बसल्या बसल्या विचार करत होते, लोक वस्तू परत का आणत नाहीत? आळस म्हणावा तर त्या चष्मेवाल्या बाई लगेच घेऊन आल्या होत्या. टेम्पोचा त्रास म्हणावा तर काका घरून न्यायला तयार असतात. विसरतात म्हणावं तर एवढी मोठी खाट घरात दिसत नाही का? काहीतरी वेगळं असणार. चष्मेवाल्या बाईंना दोनदा फोन लावला, उचलला नाही.

११ फेब्रुवारी

आज एक गंमत सापडली. ती नळी कचऱ्यात टाकायला घेतली, तर दोन्ही बाजूंना, जिथे ती कानावरून जाते तिथे, मऊ रबराचे छोटे तुकडे ओवलेले. इतके बेमालूम की नळीसोबत कारखान्यातूनच आलेत असं वाटावं. टाकवेना. पर्समध्ये घालून घरी आणली आणि आरशासमोर उभी राहून कानावर लावून बघितली. मग एकदम कळलं, चष्म्याच्या काडीला घालतात ती टोपणं आहेत. कान दुखू नये म्हणून. आईच्या चष्म्याला होती तशीच.

पण नळीवर ती चढवली कशी? नळीच्या दोन्ही टोकांना जाडजूड जोड आहे, त्यातून हे जाणार नाही. कापलं म्हणावं तर कापल्याची खूण दिसत नाही. बराच वेळ उलटसुलट करून बघितलं. विचारलंच पाहिजे, पण त्या फोन उचलतील तर ना.

आरशापासून मागे वळताना पॅसेजमधल्या वॉकरवर गुडघा आपटला. मी त्याच्यावर टॉवेल वाळत घालते, त्यासाठी फार सोयीचा आहे. दादाने आज पुन्हा विचारलं, "तो वॉकर परत केलास का? आई जाऊन चार महिने झाले." करीन ना. तो जिथून आणला ते आमच्या भागातलं, असंच साहित्य देणारं केंद्र मी सुटायच्या आत बंद होतं. वेळ कुठे आहे मला?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आजचं आजच लिहून ठेवते.

सकाळी नेहमीसारखं बाहेरून कुलूप लावलं आणि तोंडातून निघालं, "येते गं." आत कोणी नाही. रोज म्हणते, आज मात्र ते माझं मलाच ऐकू आलं. जिन्यातच थांबले. आपल्यात कोणी 'जाते' म्हणत नाही. आई तर अंगावर यायची, 'जाते काय म्हणतेस, येते म्हण.' भाजी आणायला गेलं तरी 'येते'. आणि मग आठवलं. चष्मेवाल्या बाई म्हणाल्या होत्या, 'मी जाते.' त्याच संध्याकाळी मी इथे तसंच्या तसं लिहिलंय आणि पुढच्या ओळीत सुराबद्दल पांडित्य केलंय.

कदाचित काहीच नसेल. बोलण्याच्या ओघात निघतं माणसाच्या तोंडून. पण फोन उचलत नाहीत. मी खजिनदारबाईंना फोन केला आणि सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "खिडकी बंद करते. काकांना घेऊन येते. तुम्ही त्यांच्या दुकानाच्या कोपऱ्यावर थांबा."

दुकानाचं शटर खाली. शेजारच्या शिंप्याला विचारलं तर म्हणाला, "वर आहेत. काल मला सगळ्या कुंड्या देऊन टाकल्या. दुकानातल्या फ्रेमाही वाटतायत, कोणी काही मागितलं की घेऊन जा म्हणतात." खजिनदारबाईंनी माझा हात धरला. काका खाली टेम्पोत थांबले, आम्ही वर गेलो.

दार उघडलं. बाई आमच्याकडे बघून दचकल्या. "मशीनचं काही राहिलं का माझ्याकडून?"

पुस्तिकेतलं सुरुवातीचं वाक्य मला पाठ आहे. ते आलंच नाही. मी पर्समधून नळी काढली आणि विचारलं, "हे कसं केलंत हो? परवापासून डोकं फोडतेय."

त्यांनी नळी हातात घेतली. खिडकीशी नेली, डोळ्यांजवळ धरली. "साबणाचं पाणी," म्हणाल्या. "टोपण गरम पाण्यात घालायचं, म्हणजे ते ताणलं जातं. मग साबण लावून हळूहळू सरकवायचं. घाई केली की फाटतं." मग म्हणाल्या, "कान सोलले होते त्यांचे. नळी घासते ना मागून. त्यात डावा कान त्यांचा जरा खाली आहे, म्हणून तिकडे टोपण थोडं पुढे."

"खाली म्हणजे?" मी विचारलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"जन्मतःच. बऱ्याच लोकांचा असतो, कोणाला कळत नाही. आमचं दुकान वडिलांचं. हे पहिल्यांदा आले ते चष्मा वाकडा बसतो म्हणून भांडायला. मी म्हटलं, चष्मा सरळ आहे, तुम्ही वाकडे आहात." त्या हसल्या. हसता हसता खाली बसल्या आणि नळी मांडीवर ठेवून तिच्यावरून बोट फिरवत राहिल्या.

आता विचारायलाच हवं होतं. सरावात मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, पण माझी स्वतःची जीभ टाळूला चिकटली. मग म्हणाले, "बाई, तुम्ही कुंड्या देऊन टाकल्या. फ्रेमा वाटताय. त्या दिवशी निघताना 'जाते' म्हणालात. स्वतःला संपवावं असं मनात येतंय का?"

खोलीत कोणी हसलं नाही. खजिनदारबाईंची बोटं माझ्या मनगटात रुतली होती.

"येतं," त्या म्हणाल्या. "सकाळी येतं. शटर उघडायची वेळ झाली की. खालून ते हाक मारायचे, चल गं, म्हणून." आणि मग त्या रडल्या, तोंडावर हात न घेता, लहान मूल रडतं तशा.

मी ऐकत बसले. खजिनदारबाई बसल्या नाहीत. त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या. डबे उघडल्याचे आवाज आले आणि मागोमाग त्यांचा खिडकीतला आवाज, "अहो, घरात दाणा नाही! खाता काय तुम्ही? वारा?" पुस्तिकेप्रमाणे हे पूर्ण चूक आहे. पण चष्मेवाल्या बाईंनी नाक पुसलं आणि उत्तर दिलं, "बिस्किटं आहेत वरच्या फळीवर." चहा झाला. बाईंच्या संमतीने त्यांच्या बहिणीला फोन केला, ती येईपर्यंत आम्ही तिथेच होतो. बहीण आता मुक्कामाला राहणार आहे. उद्या सकाळी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरकडे न्यायचं, तेही तिथेच ठरवलं.

निघायची वेळ आली आणि मला पुन्हा धाकधूक. काय म्हणायचं? खजिनदारबाई चपला घालत म्हणाल्या, "उद्या आम्ही येतो. साडेनऊला."

बाई दारात उभ्या होत्या. "या," म्हणाल्या.

जिना उतरताना आम्ही दोघी थांबलो. 'या' म्हणायचं त्यांनी. आपण म्हणायचं, 'येतो'. एवढं साधं होतं.

१४ फेब्रुवारी

काकांच्या टेम्पोतून आम्ही सगळ्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर तरुण आहे पण घाई करत नाही. गोळ्या दिल्या, आठवड्याने बोलावलं आणि तोवर एकटं ठेवू नका असं बहिणीला सांगितलं. बाई परत येताना काहीच बोलल्या नाहीत. मला वाटलं होतं कालच्यासारख्या बोलतील. असं एका दिवसात होत नाही, हे मी दुसऱ्यांना नेहमी सांगते.

खजिनदारबाई पुन्हा परतीच्या खिडकीत बसल्या.

४ मार्च

'मनमोकळा कक्ष' बंद केला. आता तिथे हवेच्या गाद्या ठेवल्यात आणि काकांना झोपायला त्या पूर्वीपेक्षा बऱ्या पडतात.

नवी रीत अशी, की वस्तू परत आली की आधी ती बघायची. तिच्यावर घराची काहीतरी खूण असतेच. काठीच्या मुठीला गुंडाळलेली लोकर, खाटेच्या कडेला बांधलेली घंटा, चाकाच्या खुर्चीवर खडूने काढलेलं मांजर. 'बरं आहे ना' विचारायचं नाही. त्याला 'बरं आहे' याशिवाय उत्तरच नाही. विचारायचं, 'हे काय आहे?' आणि माणूस बोलायला लागला की मध्ये बोलायचं नाही. निघताना सांगायचं, 'आम्ही येतो', आणि खरोखर जायचं.

सगळीकडे जमतं असं नाही. एका घरात काकांनी घंटेबद्दल विचारलं तर मुलगा म्हणाला, "खाट न्या आणि निघा." काका खाट घेऊन निघाले. दुसऱ्या घरी इतके रमले की ज्यांना ती खाट हवी होती त्या घरचे लोक इथे येऊन खजिनदारबाईंशी भांडले. त्यावर बाईंनी काकांना जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही.

आमच्या साहेबांनी फोनवर विचारलं, ही नेमकी कोणती पद्धत? मी 'वस्तू-आधारित संवाद' असं सांगितलं. साहेब खूश. खजिनदारबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्हणजे चौकशा." आईचाच शब्द.

१८ मार्च

चष्मेवाल्या बाई आज आमच्या केंद्रात आल्या, बहिणीबरोबर. गोळ्यांनी सुस्ती येते म्हणतात. शटर अर्धं उघडतात आणि मधूनच पुन्हा खाली ओढतात. सकाळी मनात येतं का, हे मी सरळच विचारते आता. "कमी," म्हणाल्या. "आलं की हिला सांगते." सोबत टोपणांचं पाकीट आणलं होतं. खजिनदारबाईंना नळीवर टोपण चढवायला शिकवलं. आमच्या बाईंनी घाई केली आणि तीन फाडली. "तुम्ही नुसत्या खिडकीतच बसा," चष्मेवाल्या बाई म्हणाल्या. खजिनदारबाईंना कोणी असं बोलल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं, आणि त्या चक्क हसल्या.

काका सांगत होते, एका घरी आजोबा जाऊन वर्ष झालं, तरी आजी रोज त्या खाटेची चादर बदलतात. खाट न्यायला गेले तर म्हणाल्या, "आज नको, आजच धुतलेली घातलीय." काका रिकाम्या हाताने परतले. मला विचारलं, "असं का करतात हो मॅडम?" मी पुस्तिका चाळत बसले.

घरी आल्यावर वॉकरवरचे टॉवेल काढून दोरीवर घातले. वॉकर ओल्या फडक्याने पुसला. दांड्यावरच्या आईच्या पिशवीला हात लावला नाही. का, ते माहीत नाही. दादाचा फोन आला होता, घेतला नाही. त्याला त्या वॉकरशिवाय दुसरा विषयच नसतो.

१ एप्रिल, मंगळवार

आज वॉकर नेला. आमच्या भागातल्या केंद्रात नाही, इथेच, माझ्या केंद्रात. सकाळी कुलूप लावलं, 'येते गं' म्हटलं आणि वॉकर उचलून जिना उतरले. रिक्षावाल्याने विचारलं, "कोणाला लागलंय?" मी म्हटलं, "कोणाला नाही."

आत गेले नाही. बाहेरून, परतीच्या खिडकीसमोर उभी राहिले. खजिनदारबाईंनी मान वर केली, मला बघितलं, वॉकर बघितला. खुर्ची पायाने ढकलत पुढे आल्या. उलटा करून खालचा शिक्का वाचला.

"हा आमचा नाही."

"माहितीय. पण मला इथेच द्यायचाय."

"त्या केंद्रातले बोंबलतील."

"काका नेऊन देतील."

त्यांनी वॉकर आत घेतला, चारही पाय दाबून बघितले, मग दांड्याला बांधलेल्या पिशवीवर हात ठेवला. जुन्या उशीच्या अभ्र्याची पिशवी, आईने हाताने शिवलेली, नाडीने घट्ट आवळलेली.

"हे काय आहे?"

मी हा प्रश्न शिकवलाय. किती जणांना विचारलाय. तरी तो माझ्याकडे येताना मला दिसला नाही. "रिमोट ठेवायला," मी म्हटलं.

"वॉकरला रिमोट?"

"आई बाथरूमला गेली तरी रिमोट सोबत घेऊन जायची. ती उठली की मी चॅनेल बदलते, म्हणून." मला हसू आलं. "एक दिवस मी बदललंच होतं. तर ती तिकडून ओरडली, आवाज ऐकू येतोय मला! आणि मग..." मग पुढे काय झालं ते मी सांगितलं. ती पडली तो दिवस, दवाखाना, शेवटी मला चॅनेल लावून दे म्हणाली ते. किती वेळ बोलले कोण जाणे. मागे रांगेत कोणीतरी होतं, ते निमूट उभं राहिलं. खजिनदारबाईंनी मध्ये तोंड उघडलं नाही. रांग वाढतेय असंही म्हणाल्या नाहीत.

मग त्यांनी नाडी सोडवली, पिशवीत हात घातला आणि रिमोट काढून काउंटरवर ठेवला. इतके दिवस मी उठून बटणं दाबतेय.

"वॉकर जमा," त्या म्हणाल्या. "हा आमच्यात जमा होत नाही. हा घरी न्या."

मी रिमोट पर्समध्ये टाकला, डोळे पुसले. पिशवी त्यांनी घडी करून माझ्या हातात दिली. खरं म्हणजे तिथून मला दारातून आत जायचं होतं, कामाला. पण पाय वळले नाहीत. "आज सुट्टी घेते," मी म्हटलं. "येते."

सवयीने त्या 'हं' म्हणाल्या. मग खिडकीतून वाकून हाक मारली.

"ऐका! रविवारी आम्ही येतो. मी, काका आणि चष्मेवाल्या बाई. आणि चॅनेल मी लावणार."

मी रस्त्यावर होते. मागे वळून म्हटलं, "या."